कोंडाबाईचं सोंग

धोंडुबाई घरात एकटी असली की वस्तूंशी बोलते, हे हिंगणवाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. गावाला ठाऊक होती ती तोंडाळ धोंडुबाई. भांगलणीत तण खुरपताना आपल्या वाट्याची पात सगळ्या बायकांच्या चार हात पुढं नेणारी, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू लावणारी, आणि कुणी नवऱ्याचं नाव काढलं की खुरपं उगारून "मेला त्यो माझ्या लेखी!" असं ठणकावणारी.

केरबा मेला नव्हता. एकोणीस वर्षांमागं यंत्रमागावर काम लागलं म्हणून इचलकरंजीला गेला, आणि तिकडच्याच एका बाईच्या घरात राहिला. पुढं कुणी म्हणालं भिवंडीला गेला, कुणी म्हणालं सुरतेला. पोरबाळ नव्हतं. धोंडुबाईनं दोन वेळा माणूस धाडून बघितला, मग सोडून दिलं. शेतात मजुरीच्या टोळीतल्या बायका मुद्दाम विषय काढायच्या. "मावशे, आज केरबामामा आला तर काय करशील गं?" धोंडुबाई कंबर सरळ करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बायका हसून हसून बांधावर बसायच्या. पात तेवढीच हलकी व्हायची.

घरी आली की मात्र तिचा सूर बदलायचा. चुलीपुढं बसून म्हणायची, "पेट की बया, का तुला बी हळदीकुंकू लावू?" कलंडून गडगडत गेलेल्या तांब्याला म्हणायची, "पळ, पळ. तू बी जा इचलकरंजीला." खुरप्याची धार अंगठ्यानं बघत म्हणायची, "बोथाटलास व्हय? मी बी बोथाटलीया." कोंबड्यांना तर दिवसभराची सगळी हकिकत सांगायची. आणि दिवेलागणीला नदीकडनं वारा सुटला, फळ्यांचं दार करकरलं, की ती भाकरी थापता थापता पाठमोरीच म्हणायची, "आलासा? पाय धुवा, पाणी ठेवलंय."

मागं वळून बघायची नाही. वळून बघितलं असतं तर नुसतं दारच दिसलं असतं.

हे सगळं ऐकणारं एकच घर होतं, शेजारच्या सुलतानबीचं. मधली भिंत दोघींत एकच, आणि तीही आढ्यापर्यंत पोचलेली नव्हती. पण सुलतानबीनं ऐकलेलं कधी ओठाबाहेर काढलं नाही. एका ईदला तेवढं शीरखुर्म्याचं भांडं देता देता तिचा हात धरून म्हणाली होती, "धोंडू, दाराला तेल घाल गं. लई करकरतंय." धोंडुबाईनं घातलं नाही, आणि सुलतानबीनंही परत विचारलं नाही. तीन वर्षांमागं ती गेली. तिचा पोरगा निसार जयसिंगपुरात शिंपीकाम करायचा. आई गेल्यावर घराला कुलूप लावून तो कोल्हापूरला निघून गेला. तिथं ऑर्केस्ट्रात नकला करतो, असं कानावर आलं होतं. "करू दे," धोंडुबाई त्या कुलपाला म्हणाली होती, "सुईदोऱ्यापरास बरं."

अठ्ठ्याण्णव सालचा पौष चालला होता. उसाच्या लागणींची घाई होती. सकाळी कामावर जायच्या आधी दळण टाकावं म्हणून धोंडुबाई डबा घेऊन बाळासोच्या गिरणीत गेली. टोळीतल्या चार-पाच जणी तिथंच होत्या. तानाबाई, टोळीची म्होरकी, डब्यावर बसून मिश्री लावत होती. गिरणीचा पट्टा निसटला होता. तो बसवता बसवता बाळासो म्हणाला, "थांबा वाईच. तवर आपल्या निसारची कॅसेट ऐका. काल जयसिंगपुरातनं आणलीया. सगळं कोल्हापूर येडं झालंय म्हणं."

त्यानं टेप चालू केला. आधी पेटी वाजली, टाळ्या झाल्या, आणि मग एक बाई बोलायला लागली. कोंडाबाई. पहिल्यांदाच शहरात आलेली, राजारामपुरीत डॉक्टराकडं गेलेली, वजनाच्या काट्यावर उभी राहिलेली.

"आगं बया, ह्ये यंत्र बोलत न्हाय व्हय? नुस्ता काटा हालवतंय. माज्या नणंदंवानी."

कॅसेटमधली माणसं हसली. गिरणीतल्या बायकाही हसल्या, आणि हसता हसता एकेक करून धोंडुबाईकडं बघायला लागल्या.

"मावशे, तुझाच आवाज की गं!"

"नाकातला सूर बी सोडला न्हाय मुडद्यानं!" धोंडुबाई म्हणाली आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसली. तिला राग आला नव्हता, उलट गंमत वाटत होती. निसार तिच्या मांडीवर वाढलेला. कोंडाबाई टेलिफोनच्या डब्याला म्हणाली, "आत कोण हाय त्ये भाईर या, दाराआडनं बोलायची चाल चांगली न्हवं." डॉक्टराला तिनं विचारलं, "तुमच्या शेजारी कोण ऱ्हातंय वं?" डॉक्टर म्हणाला, ठाऊक नाही. "मग मीच बरी. मी निदान माज्या भांड्यास्नी तर वळखती." गिरणीत हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. तानाबाईनं मिश्रीचं बोट धोंडुबाईच्या गालाला लावलं.

मग कोंडाबाईच्या हातनं तांब्या पडला. "पळ, पळ. तू बी जा इचलकरंजीला."

बायका हसल्या. धोंडुबाईही हसली, पण हसू निम्म्यातच थांबलं. हे ह्याला कुठनं कळलं?

एक बाजू संपली. बाळासोनं कॅसेट उलटी करून घातली. कोंडाबाई शहरातनं घरी आली होती. संध्याकाळची वेळ. निसारनं तोंडानं दाराचा आवाज काढला, लांबलचक, करकरता.

"आलासा? पाय धुवा, पाणी ठेवलंय."

मोठा हशा. पुन्हा दाराचा आवाज.

"आज लवकर सुटलं व्हय काम? बसा. भाकरी गरम हाय."

आणखी हशा, शिट्ट्या. मग कुत्र्याचं भुंकणं. "व्हय गं बया, कुत्रं हाय! बरं, आलास तर बस. त्येंच्या वाटणीची भाकरी तूच खा. रोज शिळी हुत्या."

कॅसेटमध्ये माणसं लोळत होती. बाळासो पट्टा हातात धरून खदखदत होता. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण एकटेच हसतोय. बायकांच्या नजरा जमिनीकडं होत्या. तानाबाई तोंडातलं बोट काढायचं विसरली होती. बाळासोनं हात लांब करून टेप बंद केला.

"येडंच हाय त्ये निसार," तो म्हणाला.

"दळाण लाव, बाळासो," धोंडुबाई म्हणाली. "ऊन वर आलं."

पीठ होईस्तोवर ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. डबा कमरेवर घेऊन निघाली तेव्हा गरम पिठाचा चटका लुगड्यातनं कातडीला बसत होता. तिनं डबा सरकवला नाही.

त्या दिवसापासनं टोळीतल्या बायका तिच्याशी चांगल्या वागायला लागल्या. ते तिला सोसेना. लागणीत बेणं दाबायचं काम वाईट. पाणी सोडलेल्या सरीत पायानं कांडी दाबत जायचं, पौषातल्या पाण्यानं टाचांच्या भेगा उकलायच्या, पिंढऱ्या दगडासारख्या व्हायच्या. तानाबाई तिला बांधाजवळची कोरडी सरी द्यायला लागली. जेवायला बसल्यावर कुणी न मागता तिच्या भाकरीवर मिरचीचा खर्डा ठेवायचं. कुणी मोठ्यानं हसत नव्हतं. आणि केरबाचा विषय तर कुणीच काढत नव्हतं.

एक दिवस तिनं तो आपणहून काढला. सरीतनं पाय उपसत मोठ्यानं म्हणाली, "आज त्यो मुडदा हितं असता, तर त्येला ह्या सरीत उभा गाडला असता, वर पाच फुटवं आलं असतं बघा!"

बायकांनी माना वर केल्या. एकदोघी कसंनुसं हसल्या. बाकीच्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते बघून धोंडुबाईच्या तोंडातला पुढचा शब्द तोंडातच राहिला. एकोणीस वर्षं तिनं शिव्या घालून घालून जे झाकलं होतं, ते आता उघडं पडलं होतं. ही बाई अजून वाट बघते, हे सगळ्यांना कळलं होतं.

"चल गं," तानाबाई हळूच म्हणाली. "पाणी फुडं गेलं."

घरातही काही राहिलं नाही. चुलीपुढं बसली, लाकूड धुपलं, तिनं बोलायला तोंड उघडलं, की आधी निसारचा आवाज कानात यायचा. तिचेच शब्द, तोच नाकातला सूर. आणि त्यामागनं हशा. ती तोंड मिटायची. कोंबड्यांना दाणे टाकायची ते मुकाट. त्याही बावरून तिच्याभोवती घुटमळायच्या, मान वाकडी करून बघायच्या. दिवेलागणीला दार करकरलं की ती हातातलं पीठ तसंच ठेवून पदराचा शेव दातांत धरायची. एका संध्याकाळी ती उठली, दिव्यातलं तेल चिंधीवर घेतलं आणि दाराच्या बिजागऱ्यांत पिळलं. त्यानंतर दार करकरायचं थांबलं. घर इतकं गप झालं की आपल्याच श्वासाचा तिला त्रास व्हायला लागला. आठ-आठ दिवस कामापुरतं बोलणं सोडलं तर तिच्या तोंडातनं शब्द जायचा नाही.

माघात तानाबाई जयसिंगपूरच्या बाजारातनं आली ती सांगत आली, "मावशे, स्टँडवर बोर्ड लागलाय. ऐतवारी दुपारी कोल्हापुरात निसारचा खेळ हाय. येऊ मी संगं? दोघी जाऊन चार चपला मारून येऊ."

"तू नगं," धोंडुबाई म्हणाली. "माझी मी जाती."

रविवारी तिनं धुतलेलं हिरवं लुगडं नेसलं. कुंकू लावताना आरशातला हात थांबला. कोंडाबाईच्या कुंकवावरही विनोद होता, 'बिगर दिव्याची गाडी यायला नगं अंगावर, म्हणून लावती.' तिनं रोजच्याएवढंच लावलं. एस.टी.त खिडकीशी बसून ती कोल्हापूरला गेली. शिरोलीच्या पुढं गाडी पुलावर आली तेव्हा पंचगंगेला तिनं सवयीनं हात जोडले. मनात काही मागितलं नाही.

नाट्यगृहात ती मागच्या खुर्च्यांवर बसली. खुर्ची आपोआप मिटणारी होती. दोनदा ती उठली आणि दोनदा खुर्ची मागं वाजली. शेजारी एक चष्मेवाली बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती. ती खेळ सुरू व्हायच्या आधीच हसायच्या तयारीत होती.

पडदा वर गेला. निसार आला. धोंडुबाईनं त्याला तीन वर्षांनी बघितलं ते हिरव्या लुगड्यात, अंबाड्यात, कमरेत वाकून, टाच घासत चालताना. ही टाच घासायची चाल तिची होती. तिच्या डाव्या पायात बाभळीचा काटा मोडून राहिला होता, तेव्हापासनंची. टाळ्यांचा पाऊस पडला. शेजारची बाई डोळे पुसत होती.

"आजी," मध्येच तिनं धोंडुबाईच्या कानाशी लागून विचारलं, "तुम्ही गावाकडच्या ना? खरंच असतात का हो अशा बायका?"

"असत्यात एकाद्या," धोंडुबाई म्हणाली.

दाराची वेळ आली. रंगमंचावर खरोखरचं एक दार आणून ठेवलं होतं. माणसं आधीच ओरडायला लागली, "दार! दार!" निसार पाठमोरा बसला, हात थापल्यासारखे हलवले. दार करकरलं. "आलासा?" तो म्हणाला, आणि थांबला. त्या थांबण्यात सगळं नाट्यगृह हसलं. हशा ओसरेपर्यंत तो तसाच पाठमोरा बसून राहिला होता. धोंडुबाईनं समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मागनं बघितलेली आपली पाठ तिनं जन्मात कधी बघितली नव्हती. एवढी लहान असते ती, हे तिला ठाऊक नव्हतं.

खेळ सुटल्यावर ती रंगपटाच्या दाराशी गेली. दारावरच्या माणसानं अडवलं. "मावशी, कोण पायजे?"

"कोंडाबाईला सांग, धोंडुबाई आलीया."

निसार धावतच आला. अंबाडा काढलेला, डोक्याला जाळी, अंगावर लुगडं तसंच. तिला बघून त्याचा चेहरा रंगाखाली उतरला. त्यानं तिला आत नेलं, खुर्ची दिली, स्वतः ट्रंकेवर बसला. आरशात दोन हिरवी लुगडी समोरासमोर दिसत होती.

"मावशी, पाणी आणू?"

"पाणी ऱ्हाऊ दे. किती दिस ऐकत हुतास?"

निसारनं लुगड्याच्या निऱ्या सावरल्या. मग म्हणाला, "अम्मीच्या शेवटच्या थंडीत. तिला झोप लागायची न्हाय. मी भिंतीकडला निजायचो. तुमी बोलायला लागला की अम्मी म्हणायची, गप, ऐक. तुमचं ऐकता ऐकता तिचा डोळा लागायचा. मावशी, तुमी बोलायच्यात तवा आमच्या घरात कुणीतरी हाय असं वाटायचं."

"आणि दाराचं?"

"दाराला अम्मी तोंड फिरवून घ्यायची." त्यानं डोळ्याखालचा रंग लुगड्याच्या पदरानं पुसला, तो आणखी पसरला. "ते मी हसायला म्हणून घातलं नव्हतं. खरं सांगतो. हितं आलो तवा ऑर्केस्ट्राचं मालक म्हणालं, गावठी कायतरी कर. धोतर सोडून पळणारा, येडा बागडा, शहरात येऊन आपटणारा. म्हटलं, शेरातल्यास्नी वाटतं तसलंच बाईमाणूस उभं करतो आणि त्यास्नीच तिच्याकडनं हाणतो. पहिल्या खेळाला शेवटाला दार ठेवलं. म्हटलं, हसून हसून दमलेली माणसं हितं गप हुतील." त्यानं डोक्यावरची जाळी काढली. "पण लोक हसलं."

"मग तू काय केलंस?"

निसार जाळीच्या गाठी सोडवत बसला.

"सांग की. लोक हसलं, मग तू काय केलंस?"

"दुसऱ्या खेळापास्नं मी बी हशासाठी थांबाय लागलो," तो म्हणाला.

धोंडुबाईनं मान हलवली. एवढंच तिला हवं होतं, की काय कोण जाणे. चपला मारायचं तर तिच्या मनातही राहिलं नव्हतं. सुलतानबीचंच नाक होतं त्याचं, रंगाखाली.

"काढून टाक त्ये," ती म्हणाली. "तांब्याचं ठेव, चुलीचं ठेव. माज्या कुंकवाला हसाय लाव, माजं काय जात न्हाय. दाराचं तेवढं काढ."

"काढतो, मावशी. शप्पथ." मग तो घुटमळला. उठून दार लोटून आला. "पण एक सांगायचं हाय. नवरात्रात सांगायला यायचं हुतं, धीर झाला न्हाय. नवरात्रात इचलकरंजीत खेळ हुता. खेळ संपल्यावर एक म्हातारा आत आला. मला म्हणाला, तू हिंगणवाडीचा न्हवं? सुलतानबीचा? मी वळखलं न्हाय. मग त्येंच्या कानाकडं बघितलं."

धोंडुबाईचा उजवा हात मांडीवर होता. तो तिनं डाव्या हातानं धरला. केरबाचे कान सुपासारखे होते.

"इचलकरंजीत?" ती म्हणाली.

"परत येऊन सहा वर्षं झाली म्हणाले. एका कारखान्यावर राखणीला हायेत. ती बाई वारली."

"एका एस.टी.चीच तर वाट," धोंडुबाई म्हणाली. "काय म्हणाला?"

"म्हणाले, दाराचं ते खरं का तुझ्या मनाचं? मी म्हटलं, खरं हाय. रोजचं."

"मग?"

"बसले वाईच. पाणी मागितलं. पिले. मग 'बरं' म्हणाले आणि गेले."

बाहेर कुणीतरी पेट्या ओढत होतं. धोंडुबाई आरशात बघत बसली. नवरात्र, दिवाळी, मार्गशीर्ष, पौष, आता माघ. बोटं न मोजताच तिचा हिशेब झाला. इतकी वर्षं ती समजत होती, लांब आहे, परमुलखात आहे, त्याला काय ठाऊक इथं कोण कसं जगतंय. आता त्याला ठाऊक होतं. शब्दन्शब्द ठाऊक होता. ठाऊक होऊन चार महिने झाले होते.

ती उठली. निसारनं पायाला हात लावायला वाकायचं केलं, ते तिनं वरच्यावर धरलं.

"निसार, दाराचं काढू नगंस," ती म्हणाली. "खुशाल करत जा. ज्येला ऐकू जायचं त्येला गेलं. आता त्यात माजं काय न्हाय."

"मावशी, आसं नगा बोलू."

"आणि पदर असा घेत न्हाईत. डाव्या खांद्यावर हाय त्यो, तिथनं पाठीवर मोकळा सोडू नगं. कमरंला खोच. कामाची बाई पदर मोकळा सोडत न्हाय." तिनं स्वतःच्या हातानं त्याचा पदर ओढून कमरेला खोचला, आणि निघाली.

गावात तिला कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तानाबाईनं एकदा चेहऱ्याकडं बघितलं आणि चपलांचा विषय काढला नाही. फाल्गुन गेला. होळीला सगळ्यांनी बोंबा मारल्या, धोंडुबाईनं नैवेद्य टाकला आणि घरी आली. आता ती एकाच्याच पिठाची भाकरी थापायची. तेवढ्याच वेळात चूल विझायची. उरलेली संध्याकाळ लांबच लांब पडलेली असायची. ती उंबऱ्यावर बसून राहायची. वाट बघायची सवय गेल्यावर त्या वेळेचं काय करायचं, ते तिला कळत नव्हतं.

चैत्रात नदीकाठच्या मळ्यात लागणीची भांगलण निघाली. ऊस गुडघ्याखाली होता. ऊन सकाळीच चढायचं. सरीच्या कडेच्या उंच बोदावर उकिडवं बसून सरकायचं, पानांच्या करवती हातांना चरचरत जायच्या, घामानं त्या चिरा झोंबायच्या. बारा जणी ओळीनं बसल्या होत्या. धोंडुबाई पुढं होती, नेहमीसारखी.

"मावशे," तानाबाई मागनं म्हणाली. तिचा आवाज वेगळाच होता. "बांधावर बघ."

बांधावर एक म्हातारा उभा होता. डोक्याला टॉवेल, हातात कापडी पिशवी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. कुणीतरी गावातनं वाट दाखवून दिली असावी. टॉवेलाखालनं कान बाहेर आले होते. बाराही खुरपी थांबली. मग धोंडुबाईचं एक चालू झालं.

तिनं पात अर्धवट सोडली नाही. वीस-पंचवीस हात राहिली होती. ती उकिडवी सरकत, तण उपटत, माती झटकत शेवटापर्यंत गेली. बाकीच्या अकराजणी बसल्या जागी होत्या. म्हातारा एका पायावरनं दुसऱ्या पायावर भार टाकत होता. पात बांधापाशीच संपत होती. तिथं पोचल्यावर ती गुडघ्यावर हात देऊन उठली.

"धोंडे," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "एका डोळ्याचं आपरेशन झालंय, दुसऱ्याचं सांगितलंय. राखणीचं काम गेलं. म्हटलं... घरला जावं."

धोंडुबाईनं पदरानं तोंड पुसलं. त्याच्याकडं बघितलं. केवढा वाळला होता. सदऱ्याचं वरचं बटण नव्हतं, तिथं टाचणी होती. तोंडात शिव्या हजार होत्या, एकोणीस वर्षं घोळवलेल्या. त्यातली एकही वर आली नाही.

"पाव्हणं," ती म्हणाली, "वाट चुकलासा. एस.टी.चा रस्ता तकडं हाय, वड्याच्या पल्याड."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. त्याची नजर बायकांच्या ओळीवरनं फिरून परत आली. कुणी हसलं नाही.

"निसारच्या खेळात तू..." तो म्हणाला.

"ती कोंडाबाई," धोंडुबाई म्हणाली. "ती कोल्हापुरात असत्या." मग मागं वळून तिनं हाक दिली, "तानाबाई, पाव्हण्यास्नी पाणी दे. उनातनं आल्यात."

तानाबाई उठली, बाभळीखालची कळशी उचलली, त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो घटाघटा प्यायला, पुष्कळसं सदऱ्यावर सांडलं. धोंडुबाई तोवर दुसऱ्या सरीवर जाऊन बसली होती. पाठ बांधाकडं होती. तिला पिशवीची खसखस ऐकू आली, मग ढेकळांवरनं जाणारी पावलं. ती पावलं थांबत, अडखळत ओढ्याकडं गेली. एका डोळ्याच्या माणसाला ढेकळांतनं चालायला वेळ लागतो. ती ऐकत होती, आणि खुरपं चाललं होतं.

पावलं ऐकू यायची बंद झाली तेव्हा तानाबाई तिच्या बाजूच्या सरीवर येऊन बसली. तिनं बघितलं. धोंडुबाईच्या मागं हातभर अंतरात तण तसंच उभं होतं, आणि उसाचे तीन कोंब मुळापासनं कापून पडले होते. उभ्या जन्मात या बाईच्या खुरप्याला पिकाचं पान लागलं नव्हतं.

धोंडुबाईनंही मागं बघितलं. तिचा हात थांबला. ती त्या कोंबांकडं बघत राहिली.

तानाबाईनं आजूबाजूला पाहिलं. मग तिन्ही कोंब गोळा करून आपल्या पदराखाली घेतले, त्या जागी हातानं माती सारखी केली, आणि तिथलं तण स्वतःच उपटायला लागली.

"सरक फुडं," ती म्हणाली. "मी हाय मागं."